सरचिटणीसांनी सोडलेली ओळ

धुमाळ अण्णा कुठलीही गोष्ट बंद करण्याआधी तीनदा विचारत. ताटलीत शेवटचं भजं उरलं की, रेडिओ बंद करताना, दाराला कडी लावताना. "हरकत हाय का?" मग थोडं थांबत, आणि त्या थांबण्यात खरंच ऐकत. घरात त्यांच्याखेरीज फक्त शांताकाकू असत. त्या आतून ओरडत, "न्हाई ओ, कुनाची हरकत न्हाई. लावा कडी, मांजर आत ईल." तरी तिसऱ्यांदा विचारून झाल्याशिवाय कडी लागत नसे. मांजर तेवढ्यात आत आलेलं असे.

भोरमध्ये लोक त्यांना दोन गोष्टींसाठी ओळखत. एक म्हणजे ते एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. तीसेक वर्षं त्या जाळीच्या खिडकीमागे बसून त्यांनी गाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या. दुसरी गोष्ट म्हणजे महासंघ.

महासंघाचं पूर्ण नाव 'सर्वमंडल सायकल शर्यत नियामक महासंघ'. साऱ्या पृथ्वीवरच्या सायकल शर्यतींचं नियंत्रण तो करत असे, फक्त ती पृथ्वी ही नव्हती. जुन्या वेळापत्रकाच्या मोठ्या कागदामागे अण्णांनी तिचा नकाशा काढला होता. अकरा देश होते. मेरवाण, कुंदल बेट, झारगाव प्रजासत्ताक, उत्तर सोळशी, दक्षिण सोळशी. नावं ऐकली की वाटे, आपल्याच तालुक्यातली गावं परदेशात जाऊन स्थायिक झाली आहेत. तिथे राजे आहेत की निवडणुका होतात, लोक काय खातात, असं मी सुरुवातीला विचारत असे. अण्णा म्हणत, "ते आपल्या अखत्यारीत येत न्हाई."

त्यांच्या अखत्यारीत होते ते नियम, हरकती, अपिलं आणि निलंबनं. उशिरा येणाऱ्या गाड्यांची वाट बघत बसलेल्या दुपारी त्यांनी हे सगळं रचलं होतं. कोण जिंकलं याच्यात त्यांना फारसा रस नव्हता. "शर्यत काय, कोन बी जिंकतं," ते म्हणत. "निकाल लावनं अवघड." स्वतः ते कधी महासंघाचे अध्यक्ष झाले नाहीत. अध्यक्षा होत्या कुंदल बेटाच्या इरूणा पेलसबाई. अण्णा फक्त सरचिटणीस. एखादा निर्णय आवडला नाही की ते खाली मान घालून म्हणत, "बाईंचा हुकूम हाय, आपला इलाज न्हाई." शांताकाकूंना या बाईंचा अजिबात राग नव्हता. "इचारा तुमच्या पेलसबाईंना, आज शेपू चालंल का म्हनावं," एवढंच त्या म्हणत.

माझी आणि त्यांची ओळख वडिलांमुळे झाली. वडील भोरला वकिली करतात. मी नववीची परीक्षा दिलेल्या उन्हाळ्यात अण्णा आमच्याकडे आले. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, सदऱ्याच्या खिशात छोटी वही आणि पेन्सिल. हातात जाड फाईल. "वकीलसाहेब," ते म्हणाले, "महासंघाची घटना तयार झाली हाय. कायद्याच्या नजरंतून येकदा बगा. आन दुसरं म्हंजे, आंतरराष्ट्रीय संस्था हाय. इंग्रजी प्रत बी पायजे."

वडिलांनी गंभीर चेहऱ्याने फाईल चाळली. अण्णा गेल्यावर मात्र ते हसले आणि फाईल माझ्यापुढे टाकली. "कर भाषांतर. सुट्टीत तेवढाच सराव."

मी इंग्रजी शाळेतली मुलगी. शाळेत इंग्रजीत बोलायचं, घरी मराठीत, आणि या दोन्हींच्या मधल्या जागेत मी बहुतेक गप्प असे. दुकानात गेले तर वस्तूकडे बोट दाखवत असे. अण्णांकडे पहिल्यांदा गेले तेव्हाही दारात उभी राहिले आणि काहीच बोलता आलं नाही. ते उठून उभे राहिले. "या मॅडम, बसा. तुमची नेमनूक झाली. सहसचिव, इंग्रजी विभाग."

तोवर मला कुणीही 'तुम्ही' म्हटलेलं नव्हतं. त्यांनी ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण भाषांतर ते तपासून घेत. मी एकेक नियम मोठ्याने वाचायचा आणि त्यांनी डोळे मिटून ऐकायचं. मधेच हात वर करत. "हितं तुमाला दम लागला. म्हंजे नियम लांबला. तोडा." आणि खरंच तिथे माझं वाक्य वाकडंतिकडं झालेलं असे. त्या उन्हाळ्यात मी जितकं मोठ्याने बोलले, तितकं शाळेच्या दहा वर्षांत बोलले नव्हते.

अण्णांच्या नियमांमध्ये एसटीचं दप्तर भरलेलं होतं. नोंदीत खाडाखोड चालणार नाही. चूक झाली तर वरचं तसंच ठेवायचं आणि खालच्या ओळीत दुरुस्ती लिहून सही करायची. ही दुरुस्ती ज्याची चूक त्यानेच करायची, आपल्या हाताने. दुसऱ्याने केलेली ग्राह्य नाही. सही नसलेला कागद हा कागदच नाही.

हे नियम ते स्वतःलाही लावत. एकदा महासंघाच्या नोंदवहीत कुंदल बेटाच्या एका शर्यतीपुढे त्यांनी चौदा सेकंदांच्या जागी एक्केचाळीस लिहिले. चार दिवसांनी लक्षात आलं. त्यांनी खालच्या ओळीत दुरुस्ती केली, सही केली आणि स्वतःला पंधरा दिवस निलंबित केलं. मी गेले तर ते बाहेर पायरीवर बसलेले.

"आत येता येत न्हाई मॅडम, कारवाई चालू हाय."

"कुणी केली?"

"सरचिटनिसांनी."

आतून काकूंचा आवाज आला, "ओ निलंबित, च्या तरी आत येऊन घ्या. लोकं इचारत्यात मला, भांडान झालंय का म्हनून." अण्णांनी चहा पायरीवरच घेतला. शेजारचा शिंपी त्यांना मुद्दाम विचारायचा, "अण्णा, कवा सुटताय?" अण्णा शांतपणे उत्तर द्यायचे, "मुदत भरली की." पंधरा दिवस त्या नोंदवहीला त्यांनी हात लावला नाही.

त्यांच्या नियमांतला एक मला फार आवडायचा. सतरावा. शर्यतीत एखादा पडला आणि मागून येणारा त्याला उठवायला थांबला, तर थांबण्याचा सगळा वेळ त्याला परत द्यायचा. अण्णा त्याला 'थांबा परत' म्हणत. मात्र तो वेळ पाहणाऱ्या अधिकाऱ्याने घड्याळावर मोजलेला हवा आणि निकाल बंद व्हायच्या आत त्याने स्वतः उभं राहून सांगितलेला हवा.

आणि नववा नियम तीनदा विचारण्याचा. निकाल बंद करण्यापूर्वी हरकत तीन वेळा विचारावी आणि दर वेळी एक श्वास थांबावे. हा नियम इंग्रजीत उतरवताना मी त्यांना म्हटलं, "अण्णा, एकदा विचारलं तरी पुरेल की."

त्यांनी हातातली पेन्सिल खिशात ठेवली. मग त्यांनी जे सांगितलं ते एकदाच सांगितलं, पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

खूप वर्षांपूर्वी, नीरा-देवघर धरण व्हायच्या आधी, संध्याकाळची हिर्डोशीची शेवटची गाडी उभी होती. गाडीत चार माणसं. कंडक्टरने विचारलं, सोडू का. अण्णांचं डोकं दुखत होतं, घरी जायचं होतं. वेळेला पाच मिनिटं होती. "म्या म्हनलं, सोड." गाडी गेली आणि दवाखान्याच्या बाजूनं एक बाई पळत आली. कडेवर तापानं फणफणलेलं पोर. गाडी गेली म्हटल्यावर ती खिडकीपाशी आली, घड्याळाकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. थोडा वेळ बाकावर बसली आणि मग महाडच्या रस्त्याने, हिर्डोशीच्या दिशेला, चालायला लागली.

"आन वहीत म्या टायमाचंच टाईम लिवलं," अण्णा म्हणाले. "पाच मिनटं खोटी लिवली. येवड्या वर्षांत तेवडीच."

"मग पुढे? त्या मुलाचं?"

"ठावं न्हाई. तिकडं गेलोच न्हाई कदी. इचारायचं भ्या वाटलं."

मी नववा नियम जसाच्या तसा लिहिला. तीनदा.

मी अकरावीत असताना गावातल्या एका तरुण मंडळाने मुलींची सायकल शर्यत ठरवली. पहिलं बक्षीस गिअरची नवी सायकल. मंडळाची पोरं अण्णांकडे आली, कारण सगळ्या भोरमध्ये चालू स्थितीतली स्टॉपवॉच त्यांच्याकडेच होती, दोन. अण्णांनी अटी सांगितल्या. शर्यत महासंघाच्या नियमांनी होईल, आणि संपेल ती हिर्डोशीला.

"अण्णा, हिर्डोशीला कोन बघायला येनार?" एक पोरगा म्हणाला. "हितं चौकात संपवू की. ब्यांड लावू, साहेब लोकांना बोलवू."

"ब्यांड टेम्पोत घाला आन तिकडं न्या. शर्यत हिर्डोशीलाच संपंल."

पोरांनी एकमेकांकडे बघितलं, डोळे मिचकावले आणि कबूल केलं. नियमांची पुस्तिका मीच टाईप केली होती. नाव नोंदवायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला अण्णा ती स्वतःच्या हाताने देत आणि म्हणत, "वाचा बरं का." कुणी वाचली नसावी.

त्या मुलींमध्ये दोघींबद्दल सांगायला हवं. एक रिया, माझ्या शाळेतली, माझी एकुलती एक मैत्रीण म्हणावी अशी. तिच्याकडे पुण्याहून आणलेली हलकी सायकल होती. दुसरी मंगल. वेल्ह्याच्या पुढून, पासलीहून, भावाची सायकल भाताच्या टेम्पोत घालून आली होती. दहावीत होती. अण्णांनी विचारलं, "येवड्या लांबनं आलीस?" ती म्हणाली, "बक्षिसाची सायकल पायजे मला. अकरावीला वेल्ह्याला जायचंय. गाडीचा नेम न्हाई, आन भाऊ म्हनतो, माजी सायकल रोज न्हाई मिळनार." तिने दुसरं काही सांगितलं नाही. सात नंबरचा कागद पाठीवर लावून घेतला आणि रांगेत उभी राहिली.

माझी नेमणूक निगुडघरच्या पुढच्या एका वळणावर होती, जिथून धरणाचं पाणी दिसायला लागतं. हातात स्टॉपवॉच आणि एक तक्ता. एकटीच. मला तसंच हवं होतं.

सगळ्यात पुढे रिया आली. वळणावर खडी सांडलेली होती. तिचं पुढचं चाक घसरलं आणि ती माझ्यासमोर दहा फुटांवर पडली. चेन निघाली. ती रडायला लागली. मी जागची हललेसुद्धा नाही, अधिकाऱ्याने शर्यतीला हात लावायचा नसतो असं स्वतःला सांगत उभी राहिले. तेवढ्यात मंगल आली. तिने सायकल कडेला टाकली, रियाला बगलेत धरून उठवलं, "रडू नका ओ, काय झालं न्हाई, गुडघंच तर हायेत," म्हणाली आणि खाली बसून चेन चढवली. बोटं काळी झाली ती तिने आपल्याच परकराला पुसली. मी स्टॉपवॉच दाबलं होतं. रिया निघाली, मग मंगल निघाली. एक मिनिट दहा सेकंद.

तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. मी कागद उलटा केला आणि मागे पेन्सिलीने लिहिलं: नंबर सात, थांबा, एक मिनिट दहा सेकंद.

शेवटची सायकल गेल्यावर मंडळाच्या टेम्पोने मला हिर्डोशीला नेलं. शाळेच्या पटांगणात खुर्च्या मांडल्या होत्या, बँड होता, माईक होता. रियाचे आईवडील गाडी घेऊन आले होते. रिया पहिली आली होती. मंगल तिच्या मागे बावीस सेकंद.

बावीस हा आकडा मी ऐकला तेव्हाच मला कळलं. वजाबाकी करावी लागत नाही इतकी ती सोपी होती.

अण्णा माईकपुढे उभे राहिले. निकाल वाचला. मग म्हणाले, "हरकत हाय का?"

एक श्वास.

रिया माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. गुडघ्याला रुमाल बांधलेला. तिने माझा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाली, "प्लीज, नको ना. पप्पा आलेत." तिला नियम माहीत होता, कारण पुस्तिका टाईप झाल्यावर मी तिला वाचून दाखवली होती. नियम ठाऊक असलेली ती एकटीच होती.

"हरकत हाय का?"

मंगल पुढे जमिनीवर बसली होती. ती नव्या सायकलकडे बघत होती. हँडलला झेंडूचा हार घातला होता. तिला माहीत नव्हतं की तिच्याजवळ मागण्यासारखं काही आहे.

मला फक्त उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं. दोनशे माणसं होती. मराठीत बोलू की इंग्रजीत, असा वेडगळ विचार मनात आला हे आठवतं. मैत्रीण हातातून सुटेल याची भीती होती आणि सगळे माझ्याकडे बघतील याची त्याहून जास्त होती. हे आज लिहिताना किती लहान दिसतं.

"हरकत हाय का?" तिसऱ्यांदा विचारताना अण्णांनी पटांगणाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. कदाचित अधिकारी म्हणून ते आधीपासून माझ्याकडेच बघत असतील. तो श्वास फार लांब होता.

मग बँड वाजला.

नंतर सगळे वडापाव खात होते तेव्हा मी अण्णांना शोधत होते. ते वाडीच्या टोकाला एका घरापुढे उभे होते. टोपी काढून हातात धरलेली. ओट्यावर एक म्हातारी बसली होती. तिने खाली पाण्याच्या दिशेने हात केला आणि मान हलवली. काकूंनी मला पुढे कधीतरी सांगितलं, ते पोर कडेवर घेऊन चालत गेलेल्या त्या बाईबद्दल विचारत होते. ती वस्ती धरणात गेली होती आणि माणसं कुठं कुठं पांगली होती. विचारायला माणूसच उरलं नव्हतं.

परत येताना टेम्पोत त्यांनी माझ्याकडून तक्ता मागून घेतला. पुढची बाजू पाहिली. मग सवयीने उलटा केला. एसटीचा माणूस, कागदाची मागची बाजू पाहिल्याशिवाय ठेवत नाही. पेन्सिलीची ती ओळ त्यांनी वाचली. चेहरा बदलला नाही. कागद फाईलमध्ये ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "हरकत हाय का, मॅडम?"

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी फाईलची नाडी बांधली.

मी कधीकधी त्यांच्यावर रागावते. त्यांना कळलं होतं, मग त्यांनीच का नाही सांगितलं? एका सहीसाठी कुणी एवढं अडून बसतं का? पण ते अण्णा होते. त्या खाली बसलेल्या मुलीला त्यांनी पाहिलं होतं, त्यांना ते लागलं नसेल असं नाही. आठ दिवसांनी मी त्यांच्याकडे गेले तर पडवीत त्यांची काळी चोवीस इंची सायकल नव्हती. ती सायकल ते रोज पुसत. चढावर तिला त्रास नको म्हणून उतरून हाताने नेत.

"सायकल कुठे गेली?"

"महासंगाच्या कामानं पासलीला गेली."

"परत कधी येणार?"

"तिला तिकडंच नेमनूक दिली."

काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली, आमच्या दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा सुपात बघायला लागल्या. त्या दिवशी मी सांगू शकले असते. घरात तिघंच होतो. माईक नव्हता. मी चहा प्यायले आणि घरी आले. त्यानंतर अण्णा स्टँडवर पायी जात.

बारावीनंतर मी पुण्याला गेले. मग तिथेच नोकरी. सुट्टीत आले की भेटायला जायची, पण बसण्याचा वेळ कमी होत गेला. महासंघाचं काम चालू होतं. उत्तर सोळशीचं अपील प्रलंबित होतं. पेलसबाई थकल्या होत्या, पण राजीनामा देत नव्हत्या. निघताना अण्णा विचारत, "हरकत हाय का, मॅडम?" मी हसून नाही म्हणे. ती त्यांची सवयच आहे, असं मी धरून चालले होते. इतक्या वर्षांत ते त्या शर्यतीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. रियाशी माझी मैत्रीही राहिली नाही. त्याला काही कारण झालं नाही, नुसती राहिली नाही.

मागच्या श्रावणात अण्णा गेले. मी दहाव्याला पोहोचले. काकूंनी मला आत बोलावून कापडात बांधलेली नोंदवही दिली. "तुमच्याकडंच द्यायची म्हनून सांगून ठिवलं हुतं," त्या म्हणाल्या. त्यांनीही त्या दिवशी मला 'तुमच्याकडं' म्हटलं.

पुण्याला येऊन मी वही उघडली. वही गच्च भरलेली. अण्णा जागा कधी वाया घालवत नसत; ओळीखाली ओळ, मेरवाणखाली झारगाव. त्यात एकाच पानावर या पृथ्वीवरची शर्यत होती. भोर ते हिर्डोशी. पहिला नंबर रिया, दुसरा नंबर सात, मंगल, बावीस सेकंद मागे. त्याखाली एक ओळ कोरी होती. तिच्या डाव्या कडेला अण्णांच्या बारीक अक्षरात 'दुरुस्ती' आणि उजव्या कडेला दोन सह्यांसाठी जागा: सहसचिव, सरचिटणीस. मधलं सगळं मोकळं. तिच्याखाली पुढच्या वर्षांच्या नोंदी चालू झाल्या होत्या. पेन्सिलीच्या ओळीचा तो तक्ता तिथेच टाचणीने लावलेला होता.

दहा वर्षं ती ओळ माझी वाट बघत होती.

काकूंना फोन केला; त्यांच्या वहीत मंगलचा नंबर होता. दर दिवाळीला ती अण्णांना फोन करत असे, हे मला माहीत नव्हतं. मी नंबर तीनदा लावला आणि दोनदा कापला.

"हॅलो, कोन बोलतंय?"

मी नाव सांगितलं. शर्यतीच्या वेळी वळणावर उभी होते ती, असं सांगितलं.

"हां हां, घड्याळवाल्या ताई! वळकलं. त्या पडल्या हुत्या तवा तुमी नुसत्या बगत उभ्या हुता." ती हसली. तिच्या हसण्यात काही खोट नव्हती.

मी सतरावा नियम सांगितला. किती वेळ मोजला होता तेही सांगितलं.

पलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं. तो आवाज थांबला.

"येक मिनिट धा सेकंद," ती म्हणाली. "आन मी मागं किती हुते?"

"बावीस सेकंद."

"म्हंजे मी पुढं हुते."

"हो."

"अण्णांना ठावं हुतं?"

"हो. त्याच दिवशी."

"तरीच," ती म्हणाली. "मला वाटायचं, हा मानूस येस्टीनं, मग टेम्पोनं, सायकल घिऊन पासलीपतूर का आला आसंल. आई म्हनली, आत या, भाकरी खावा. तर म्हनलं, न्हाई, कामावर आलोय."

"ती सायकल…"

"हाय की. माहेरी हाय. भावजय दूध घालाया नेती. तिच्यावर मी दोन वर्सं वेल्ह्याला गेले." मग म्हणाली, "ताई, आता सांगून काय हुनार? तवा सांगायचं. माज्या बापानं वर्सभर टोमनं मारलं मला, बावीस सेकंदानं हरली म्हनून."

मी म्हटलं, "माझी चूक झाली."

"झाली," मंगल म्हणाली. तिने 'जाऊ द्या' म्हटलं नाही. मला ते बरंच वाटलं.

त्या संध्याकाळी मी ओळ भरली. पेनने, खाडाखोड न करता. नंबर सात, थांबा परत, एक मिनिट दहा सेकंद. प्रथम क्रमांक मंगल. मोठ्याने वाचून पाहिली, कुठे दम लागतो का बघायला. लागला नाही. सहसचिव या शब्दापुढे सही केली. शेजारची जागा कोरी आहे आणि कोरीच राहणार. अण्णांच्या नियमाने दुरुस्ती अजूनही पुरी झालेली नाही.

अण्णांना शेवटचं पाहिलं ते त्यांच्या जाण्याआधीच्या दिवाळीत. चार दिवसांची सुट्टी संपवून मी सकाळच्या गाडीने पुण्याला निघाले होते. अण्णा स्टँडवर होते. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी ते येत, कंट्रोलरच्या खिडकीशेजारी उभे राहत आणि गाड्या वेळेवर सुटतात का ते घड्याळावर बघत. नवे ड्रायव्हरही त्यांना मान देत. मला पाहून ते माझ्या खिडकीपाशी आले. बरेच वाळले होते, सदरा खांद्यावर सैल झाला होता. खिडकीची काच अडकली होती, मला ती उघडता येईना. ते खालून काहीतरी बोलले. ऐकू आलं नाही, पण ओठांवरून शब्द कळला. मी हसून मान हलवली. ते एक श्वास थांबले. पुन्हा तेच बोलले. मी पुन्हा मान हलवली.

कंडक्टरने घंटी मारली. ड्रायव्हरने बाहेर डोकं काढलं. "अण्णा, टाईम झाला. सोडू का?"

अण्णांनी ड्रायव्हरकडे न बघता हात वर केला. थांब. आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडणाऱ्या माणसाने ती गाडी माझ्यासाठी धरून ठेवली होती. मागच्या सीटवरून कुणीतरी कुरकुरलं. अण्णा माझ्याकडे बघत होते. तिसऱ्यांदा त्यांचे ओठ हलले.

मी मान हलवली. नाही.

अण्णांनी हात खाली केला आणि गाडी सुटली.